प्रवचनातलं औषधाचं पान

अण्णा, परवा तुमचं तेरावं झालं आणि आज शनिवार उजाडला. दुपारी अडीचला पाय आपोआप चामराजपेटेकडे वळले. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा लक्षात आलं, की उशीर का झाला याचं कारण मी मनातल्या मनात जुळवते आहे. बारा वर्षं मी दर शनिवारी उशिरा आले आणि बारा वर्षं तुम्ही पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणालात, "येवा, निपाणीबाई, येवा. इंग्लंडात अजून सकाळच आहे." आज मी चांगली वीस मिनिटं उशिरा पोचले, आणि कोणी काही बोललं नाही. दारातच मला रडू आलं.

शोकसभेत एका प्राध्यापकांनी तुम्हाला ‘आंग्लभाषेचे गाढे व्यासंगी’ म्हटलं. तुम्ही असतात तर मागे वळून पाहिलं असतंत, हे कोणाबद्दल चाललंय म्हणून. तुमचा जन्म, तुमच्या पदव्या, तुमची नोकरी हे सगळं तिथे सांगून झालं. मला त्यातलं काही सांगायचं नाही. मला एक कबुली द्यायची आहे. तुमच्या लेखाला विलायतेहून उत्तर आलं नाही, यात विलायतेचा काही दोष नव्हता. दोष माझा होता. हे तुम्हाला तोंडावर सांगायला हवं होतं, आणि आठ वर्षांत चारशे शनिवार मिळूनही माझा धीर झाला नाही.

सुरुवातीपासून सांगते, नाहीतर मी उगाच वाईट ठरेन. वाईट आहेच, पण उगाच नको.

मी निपाणीहून बंगळुरात नवी नवी नोकरीला आले होते. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मला डबा उघडताना पाहून तुम्ही विचारलंत, "भाकरी काय? मग तुम्ही मराठी काय, अम्मा?" मी आनंदाने हो म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, "आम्हीही मराठीच. पर आमची मराठी स्वल्प कन्नडात भिजलेली आहे, चालवून घ्या." तुमचे कोणी पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आले होते. "घोडा बांधला आणि सोडायचं विसरले," एवढाच तुम्ही सांगितलेला घराण्याचा इतिहास. दहा मिनिटांत तुम्ही माझ्या भाकरीचा चतकोर खाल्लात आणि मला शनिवारचं बोलावणं दिलंत. "आम्ही हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी वाचतो. तुम्हीही या."

मी हसले. खरं तर फिदीफिदी हसले. इंग्रज गेले होते, आणि इथे एक माणूस त्यांच्या खापरपणजोबांची भाषा शिकायला बोलावत होता. "अण्णा, आजची इंग्रजीच मुलींच्या गळी उतरत नाही," मी म्हटलं, "मेलेली कशाला?" तुम्ही म्हणालात, "मेली नाही अम्मा, म्हातारी झाली. म्हाताऱ्यांकडे स्वल्प बसावं लागतं." मी आले, पण त्या म्हातारीसाठी नव्हे. या गावात मला मराठी बोलायला एक घर हवं होतं. कॉफी देताना तुमच्या पत्नीने, अक्कांनी, "अजून घ्या गं, लाजू नका" म्हटलं आणि माझं काम झालं. हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी मी त्या कॉफीबरोबर फुकट पदरात घेतली.

आपण तेव्हा चारच जण. तुम्ही, मी, तारऑफिसातले रंगप्पा आणि मिस डोरोथी. रंगप्पा शनिवारची अर्ध्या दिवसाची ड्यूटी संपवायचे आणि घरी होसकोट्याला जायची बस सोडून तुमच्याकडे यायचे. मिस डोरोथी म्हणजे रेल्वेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या अँग्लो-इंडियन बाई; त्या के. आर. पुरमहून गाडीने यायच्या, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात स्वतः भाजलेला केक. तो केक कसा असायचा याबद्दल तुम्ही मला गप्प राहायची खूण केली होतीत, म्हणून अजूनही गप्प राहते. तुमचा नियम एकच होता. परीक्षा नाही, वर्गणी नाही, प्रमाणपत्र नाही. जो एक पान शिकेल त्याने ते पान एका नव्या माणसाला शिकवायचं. अक्का आतून ऐकत असायच्या. त्यांना आजची इंग्रजीही येत नव्हती, पण त्या जुन्या कवितेत एका ओळीतले ठरावीक शब्द एकाच ध्वनीने सुरू होऊन ठेका धरतात, तो ठेका त्यांच्या कानात बसला होता. आपण चुकीचं वाचलं की स्वैपाकघरातून आवाज यायचा, "पडलं ते, पडलं. पुन्हा म्हणा."

आपला वाद तुम्हाला आठवतो ना? राज्यांची पुनर्रचना झाली, आमचं गाव मराठी असून म्हैसूर राज्यात गेलं आणि मी महिनाभर धुमसत होते. एका शनिवारी मी पुस्तक मिटून म्हटलं, की ज्यांच्या भाषेला राज्य नाही त्यांनी दुसऱ्यांच्या भाषेची पाळंमुळं खणत बसणं म्हणजे नुसते चोचले आहेत. तुम्ही शांतपणे सांगायला लागलात, की या इंग्रजीलाही एकदा राज्य नव्हतं. समुद्रापलीकडून दुसऱ्या भाषेचे राजे आले, आणि जवळजवळ तीनशे वर्षं दरबारात त्यांची भाषा आणि गोठ्यात, चुलीपाशी ही. "आमच्या घरातल्या मराठीसारखी, अम्मा. भाषेला स्वैपाकघर पुरतं." मी म्हटलं, "पुरत नाही. शेवटी राज्य मिळालं म्हणूनच ती वाचली. तुमच्या मराठीचं काय उरलंय? अर्धी कन्नड झाली!"

हे मी बोलायला नको होतं. तुम्ही रागावलात. तुम्हाला रागावलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. उभे राहिलात, बोट रोखलंत, "तीनशे वर्षं आमच्या बायकांनी ही भाषा..." असं काहीतरी सुरू केलंत आणि मध्येच तुमचं बोट खाली आलं. "हे काय? चपलेला सुतळी बांधून फिरता काय? बस स्टँडपासून अशा चालत आलात?" मी म्हटलं, हो, अंगठा तुटलाय. तुम्ही माझी चप्पल उचलून स्वतः कोपऱ्यावरच्या चांभाराकडे गेलात. परत आलात तेव्हा आपलं वाक्य कुठे थांबलं होतं ते तुम्हालाही आठवेना आणि मलाही. तो वाद तसाच राहिला. मला अजूनही वाटतं की भाषेला राज्य लागतं. तुमच्याकडे त्यावर आणखी काय उत्तर होतं, ते आता मला कधी ऐकायला मिळणार नाही.

मग ते पुस्तक आलं. एका मिशनरी बाईंच्या आजोबांचं, जुन्या इंग्रजीतल्या निवडक उताऱ्यांचं जाडजूड पुस्तक. छपाई कधीच बंद झालेली. बाई तीन महिन्यांनी कायमच्या विलायतेला परत जाणार होत्या, आणि आजोबांची आठवण म्हणून पुस्तक विकायचं नव्हतं. तीन महिने वापरा म्हणाल्या. दुसरा कोणी असता तर चार उतारे वाचून धन्यवाद म्हणाला असता. तुम्ही म्हणालात, "उतरवून घेऊ." आमच्या चेहऱ्यांकडे बघून म्हणालात, "का? आमच्या आज्यांनी पोथ्या उतरवल्याच की. आणि हे तरी मुळात कोणी लिहिलं? मठातल्या माणसांनी थंडीत बसून, हातानेच." मग पुस्तकाचे चार भाग पाडले आणि पुस्तक घरोघर फिरायला लागलं, दोन दिवस होसकोट्याला, दोन दिवस के. आर. पुरमला. रंगप्पांना तारेची सवय, त्यामुळे ओळखीचा एक शब्द नसला तरी ते बिनचूक उतरवायचे. मिस डोरोथींचं अक्षर मोत्यासारखं. तुमचं म्हणजे मुंग्यांची रांग. भाग संपला की प्रत्येकाने शेवटी आपलं नाव, गाव आणि उतरवताना काय त्रास झाला ते लिहून चुकांबद्दल क्षमा मागायची, हाही तुमचाच हट्ट. रंगप्पांनी लिहिलं होतं, की बसमध्ये लिहिल्यामुळे वळणावरची अक्षरं वाकडी आली आहेत, वाचकांनी सांभाळून घ्यावं.

चौघांचेही भाग आलटून पालटून पुढे सरकत होते, त्यामुळे कोणाची किती पानं होतील हे ठाऊक नव्हतं. म्हणून पानांवर आकडे घातले नाहीत. ते शेवटी, सगळं एकत्र आल्यावर मी घालायचे आणि मग पोथी शिवायची, असं ठरलं होतं. पुस्तक बाईंबरोबर बोटीवर चढलं आणि चार गठ्ठे माझ्याकडे आले.

आषाढातला रविवार होता. मी गच्चीवर सतरंजी टाकून, दाभण आणि दोरा घेऊन मोठ्या थाटात बसले. बंगळुरातला आषाढातला वारा तुम्ही जन्मभर खाल्लेला, मला त्याची काय कल्पना? आकडे घालायला मी दौतीचं झाकण उघडलं आणि मिस डोरोथींचा अख्खा गठ्ठा उडाला. काही पानं शेजारच्या पपईत अडकली, काही खाली वाळवणावर पडली. एकूण एक पान मी गोळा केलं. मोजून पाहिलं, एकही हरवलं नव्हतं. मग अर्थ लावून लावून ती जुळवली, आकडे घातले, शिवली आणि शनिवारी छाती पुढे काढून तुमच्यापुढे पोथी ठेवली. वाऱ्याबद्दल बोलले नाही. सगळी पानं सापडली होती, मग सांगायचं काय, असं मी स्वतःला समजावलं.

दीड वर्षाने आपण मिस डोरोथींच्या भागापाशी आलो. त्यात एक प्रवचन होतं. कोणी धर्मगुरू लोकांवर कडाडतो आहे, की तुम्ही खोटं बोलता, भावाला भाऊ ओळखत नाही, म्हणून हे दिवस आले. आणि भर कडकडाटात, पान उलटलं की तोच धर्मगुरू म्हणतो, डोळे आले असतील तर अमुक पाला लोण्यात उकळा, फडक्यातून गाळा, थंड झाल्यावर लावा, आणि आजाऱ्याला वाऱ्यात बसू देऊ नका. पुढचं पान उलटलं की पुन्हा कडकडाट. तुम्ही ते तीनदा वाचलंत. मग चष्मा काढून पुसलात. "बघा, बघा हा माणूस," तुम्ही म्हणालात. "पापाबद्दल रागावता रागावता ह्याला समोरच्या रांगेतली बाई दिसली. तिचे डोळे लाल. हा थांबला. देवाचा राग स्वल्प बाजूला ठेवून औषध सांगितलं, आणि मग पुन्हा रागावला! हजार वर्षं झाली, अम्मा. कोणाला दिसलं नाही हे?" मिस डोरोथींना आपण विचारलं, तर त्या म्हणाल्या, "बाळांनो, मी तेव्हा नुसती अक्षरं काढत होते, अर्थ कुठे लागत होता?" मलाही तेव्हा काही खटकलं नाही, हे शपथेवर सांगते. मीसुद्धा त्या धर्मगुरूच्या प्रेमात पडले होते.

त्या एका पानाने आपलं मंडळ उभं केलं. तुम्ही त्यावर कॉलेजच्या हॉलमध्ये व्याख्यान दिलंत. तीस खुर्च्या मांडल्या होत्या, माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. जुनी इंग्रजी कोणाला हवी होती? पण रागावता रागावता थांबणारा तो माणूस सगळ्यांना हवा होता. पुढच्या शनिवारी नऊ नवी माणसं आली. एक नर्स आली, ती औषधासाठीच आली होती. कँटोन्मेंटमधला एक शिंपी आला. आनेकलहून एक शाळामास्तर दोन बस बदलून यायला लागले. शिलालेख वाचणारे एक गृहस्थ आले आणि हळेकन्नड, म्हणजे जुनं कन्नड, आणि जुनी इंग्रजी शेजारी शेजारी ठेवून तुमच्याशी भांडायला लागले. तेव्हा तुम्ही किती सुखी दिसायचात! ओसरी पुरेना, म्हणून अक्कांनी मधल्या खोलीतला पलंग उभा करून भिंतीला लावला. जो एक पान शिकेल त्याने ते दुसऱ्याला शिकवायचं, हा नियम आता खरा चालू झाला. पहिलं पान शिकवायला सगळे तेच पान घ्यायचे.

तेव्हा तुम्ही लेख लिहिलात. विलायतेतल्या एका मोठ्या प्रोफेसरांना पाठवायचा होता. मी तो कॉलेजच्या टाइपरायटरवर टाइप केला, चार वेळा, कारण तुम्ही चार वेळा शेवट बदललात. मी पेपर तपासायला मद्रासला निघाले होते. "तिकडून टाका," तुम्ही म्हणालात, "मद्रासची टपाल लवकर जाते." पाकीट माझ्या पिशवीत ठेवताना तुम्ही त्यावरून एकदा हात फिरवलात. अक्का हसल्या, "पोरगी सासरी निघाली काय?"

मद्रासला दुपारी वेळ होता म्हणून मी एका ग्रंथालयात गेले. कपाटात तेच पुस्तक दिसलं. आनंदाने उघडलं, आपलं प्रवचन काढलं. धर्मगुरू कडाडत होता. पान उलटलं. तो तसाच कडाडत होता. औषधाचा उतारा चाळीस पानं पुढे होता, वेगळ्या मथळ्याखाली, दुसऱ्याच कोणाच्या वैद्यकाच्या वहीतला. दोन्ही एकाच हाताने, मिस डोरोथींच्या हाताने उतरवलेले. औषधाचा मथळा आदल्या पानावर राहिलेला, आणि पानाच्या शेवटी दोन्हीकडे वाक्य पुरं झालेलं. त्यामुळे गच्चीवर माझ्या हातून ते एकात एक बसले होते. अण्णा, मी पुस्तक परत कपाटात ठेवलं. पाकीट पिशवीत होतं. टपालपेटी ग्रंथालयाच्या दारातच होती. तिच्यासमोर मी किती वेळ उभी होते कोण जाणे. मग पाकीट तसंच परत आणलं आणि ट्रंकेच्या तळाशी, लग्नातल्या शालूखाली ठेवलं.

"टाकलं काय?" तुम्ही विचारलंत. मी मान हलवली. नुसती मान. तोंडाने खोटं बोलले नाही, अशी माझी तेव्हाची हुशारी.

नंतरचं वर्ष मला आठवावंसं वाटत नाही. पोस्टमन गल्लीत शिरला की तुम्ही वाक्य अर्धं सोडायचात. दोन महिन्यांनी म्हणालात, बोट उशिरा लागली असेल. सहा महिन्यांनी म्हणालात, प्रोफेसर गावाला गेले असतील. वर्षाने म्हणालात, "म्हातारे असतील बिचारे. मलाच कुठे सगळी पत्रं होतात?" तुम्ही त्यांच्यासाठी कारणं शोधत होतात आणि मी शेजारी बसून केक खात होते. रंगप्पा मात्र चिडायचे. "दोड्ड मनुष्य अंते!" मोठा माणूस म्हणे, असं म्हणत ते कपाळाला हात लावायचे. दोन ओळींची तार करायला काय जातं, हा तारऑफिसातल्या माणसाचा प्रामाणिक प्रश्न होता. अक्का तर त्या प्रोफेसरांना अशा शिव्या द्यायच्या, की त्या हळेकन्नडातल्या आहेत की मराठीतल्या यावर शिलालेखवाल्यांचं आणि माझं एकमत होत नसे. आणि मग एका शनिवारी तुम्ही विचारायचं बंद केलंत. ते सगळ्यात वाईट होतं.

मी का सांगितलं नाही? आधी स्वतःला सांगितलं, की तुमचा आनंद मोडवत नाही. मग सांगितलं, की तेवढ्या एका पानावर चाळीस माणसं जमली आहेत, पान काढलं तर मंडळ कोसळेल. दोन्ही अर्धं अर्धं खरं आहे. पण पुरं खरं हे, की मला लाज वाटत होती. एवढी प्राध्यापिका, आणि एक पोथी धड शिवता आली नाही. वारा आला होता एवढं त्याच शनिवारी सांगितलं असतं, तर तुम्ही पानं पुन्हा लावून बघितली असतीत. मी माझी अब्रू वाचवली, आणि तुम्हाला वाटत राहिलं की जगाने तुमच्याकडे पाठ फिरवली. याची क्षमा मागायला माझ्याकडे शब्द नाहीत. नुसतं ‘चुकले’ म्हणते. तुम्हाला संशय आला होता का, हे मला ठाऊक नाही. आता ते कोणाला विचारायलाही मी जाणार नाही. आला होता असं मानलं तर झोप लागेल; म्हणूनच तसं मानायचं नाही असं ठरवलं आहे.

आज पाकीट घेऊनच गेले होते. सतरा माणसं आली होती. ओसरीत प्रत्येकाच्या तोंडावर एकच प्रश्न होता, की आता पुढे काय. म्हणजे आज नुसतं बसून उठायचं, की कायमचंच. मला वाटलं, मी बोलले तर आजच दार बंद होईल. तरी बोलले. आधी इंग्रजीत, मग अक्कांसाठी मराठीत. वारा, पपई, मद्रासचं ग्रंथालय, शालू, सगळं. पाकीट टिपॉयवर ठेवलं. मिस डोरोथींनी तोंडावर हात ठेवला. रंगप्पा खिडकीबाहेर बघत राहिले.

पहिल्यांदा अक्का बोलल्या. "म्हणजे त्या प्रोफेसराने उत्तर दिलं नाही असं नाही."

"नाही अक्का. त्यांना काही मिळालंच नाही."

"अय्यो, आणि मी त्याला आठ वर्षं शिव्या घातल्या की!" अक्का पदर तोंडाला लावून हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. मग डोळे पुसून माझ्याकडे वळल्या. "तुम्ही त्यांना सांगायला हवं होतं, निपाणीबाई. हे तुम्ही बरं नाही केलं. ते रागावले असते. दोन दिवस रागावले असते." आणि म्हणाल्या, "तिसऱ्या दिवशी लेख पुन्हा लिहिला असता."

अण्णा, हे आठ वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. मी तुम्हाला इतकं नाजूक समजले. तुम्ही लेख पुन्हा लिहिला असतात, आणि त्यात बहुतेक वाऱ्याचंही लिहिलं असतंत, आणि तो पहिल्यापेक्षा चांगला झाला असता. ते मी तुमच्याकडून हिरावून घेतलं. पानाच्या चुकीपेक्षा ही चूक मोठी.

कोणी उठून जाईना. ती नर्स, जी औषधासाठी आली होती, तिने विचारलं, "मग ते प्रवचन खरं कसं आहे?" आणि तेव्हा ध्यानात आलं, की इतक्या वर्षांत ते सलग आपण कोणीच वाचलेलं नाही. रंगप्पांनी कोनाड्यातली पोथी घेतली, दाढीच्या पात्याने माझा दोरा कापला आणि औषधाचं पान काढून बाजूला ठेवलं. बसमध्ये वाकडी झालेली स्वतःची अक्षरं बघून ते मध्येच हसले. मग मिस डोरोथींचा गठ्ठा नीट लावून त्यांनी वाचायला सुरुवात केली. आवाज आधी चिरका होता, मग लागला. अक्कांकडून एकदा "पडलं ते" असं आलं, त्यांनी ओळ पुन्हा म्हटली.

भर कडकडाटात त्या पानाचा शेवट आला आणि सवयीने रंगप्पा थांबले. सगळेच थांबले. पुढे औषध नव्हतं, पुढे नुसता राग होता. मिस डोरोथींनी चष्म्यावरून नर्सकडे पाहून विचारलं, "तुझ्या आईचा ताप उतरला का गं?" उतरला, ती म्हणाली, कालपासून पेज घेते आहे. आनेकलच्या मास्तरांनी रंगप्पांना विचारलं, की तुमची शेवटची बस कितीला. शिंप्याने माझ्याकडे बघून विचारलं, "टीचर, तुम्ही सकाळपासून काही खाल्लं नाही ना?" मी नाही म्हटलं, आणि अक्का उठून आत गेल्या. मी दोन घास खाईपर्यंत कोणी पान उलटलं नाही. मग रंगप्पांनी पुढचं पान उचललं आणि सलग शेवटपर्यंत वाचलं.

अण्णा, तो धर्मगुरू थांबत नाही. समोर कोणाचे डोळे लाल आहेत हे त्याला शेवटपर्यंत दिसत नाही. थांबतो ते आपण.